सावडीतला फॉन्ट

आमच्या धाराशिवकडे शेतकरी सावड करतात: आज तुमच्या रानात, उद्या माझ्या. लोहित देवनागरी फॉन्टचा इतिहास मला तसाच दिसतो. मॉड्युलर इन्फोटेकचे हे फॉन्ट रेड हॅटने जीपीएल परवान्याखाली खुले केले. 2011 मध्ये परवाना बदलून ओपन फॉन्ट लायसन्स आलं. पण खुलं केलेलं आपोआप टिकत नाही. डेबियन लिनक्समध्ये हे पॅकेज स्वयंसेवकांचा फॉन्ट गट सांभाळतो. एक थकला तर दुसरा बघतो. याउलट, एक्सझेड हे पॅकेज वर्षानुवर्षं एकच माणूस सांभाळत होता. तो थकल्यावर मदतनीस बनून आलेल्याने त्यात चोरवाट घुसवली. 2024 मध्ये ती उघडकीला आली. म्हणून सावड हवी, तीही एकमेकांचं काम तपासणारी. तुमच्या स्क्रीनवर ‘ऱ्य’ तुटलेला दिसला, तर नुसतं चिडू नका, बग कळवा. तीही पाळीच.