गंजिफेचा डाव आणि बैठकीतील चढाओढ

डाव मांडला की माणसाची जीभ सुटते. प्रतिपक्षाला डिवचावे, आपल्या हातातील पानांविषयी भलताच समज करून द्यावा, हरलेल्याची थट्टा करावी, हा बैठकीच्या खेळांचा जुना रिवाज आहे. मांडवीतील जहाजांवर भरणाऱ्या पोकरच्या स्पर्धांत हेच दिसते. परंतु सुर्ल्यासारख्या डिचोली महालातील गावांनी पत्त्यांच्या खेळाचे मूळ पाहावयाचे, तर दृष्टी पणजीकडे नव्हे, सावंतवाडीकडे वळवावी लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांच्या हाती जाण्यापूर्वी डिचोली, सत्तरी व पेडणे हे महाल सावंत-भोसल्यांच्या अमलात होते. पेडणे गेले ते १७८८ साली. त्याच सावंतवाडीत दशावतारी गंजिफा चितारली गेली.

गंजिफा हा शब्द फारसीतून आला. बाबराने १५२७ साली सिंधमधील शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफेत आठ रंग व ९६ पाने असत. आपल्याकडे तिला देवांचे रूप लाभले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक ते दहा अशी बारा पाने. एकूण १२० वाटोळी पाने. तिघे खेळाडू बसले म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास चाळीस पाने येतात. दिवसा डाव सुरू करण्याचा मान रामाच्या राजाचा, रात्री कृष्णाच्या राजाचा. अर्ध्या रंगांत दहा थोर व एक्का धाकटा, उरलेल्या अर्ध्यांत याच्या उलट.

या खेळात खरी परीक्षा स्मरणशक्तीची होते. कोणते पान उतरले, कोणते कोणाकडे उरले, हे ज्याच्या ध्यानी राहील त्याची सरशी. म्हणूनच येथे बोलण्याला धार येते. ऐन मोक्याच्या वेळी भलताच विषय काढून दुसऱ्याचे अनुसंधान मोडणे, हेही एक शस्त्रच. मात्र त्या शस्त्राने झालेली जखम पाने गोळा करीपर्यंत भरून येते. पुन्हा खेळावयाचे ते याच सोबत्यांशी, हे सर्वांना ठाऊक असते.

पोकरची गोष्ट निराळी. त्यातही गणित आहे, धैर्य आहे, समोरच्याचा चेहरा वाचण्याची कला आहे. परंतु पणाची रक्कम हीच त्या खेळाची भाषा होय. पण काढून घेतला तर लटकी हूल देण्यात अर्थच उरत नाही. गंजिफा पणावाचूनही रंगते.

पणाचे भय आपल्या पूर्वजांनी पुरते ओळखले होते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात फाशांनी नागविलेल्या जुगाऱ्याचा विलाप आहे. कौटिल्याने द्यूतावर अध्यक्ष नेमून जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच राजाला देवविले. आणि कौरवसभेत तर डावागणिक आपली जीत पुकारणारा शकुनी थट्टेचे विषात रूपांतर कसे होते, ते दाखवितो. गोव्यात १९७६ साली जुगारबंदीचा कायदा झाला. पुढे १९९२ व १९९६ च्या दुरुस्त्यांनी तारांकित हॉटेलांना व जहाजांना त्यातून वाट मिळाली. कौटिल्याचा हिशेब नव्या रूपाने परत आला, इतकेच.

हा प्रश्न देवस्थानांच्या दारापर्यंत येतो. जत्रेच्या रात्री नाटक पाहावयास आलेला तरुण मंडपाबाहेरच्या जुगाराच्या पटावर खिसा रिता करून घरी जातो, ही गोष्ट महाजनांना अपरिचित नाही. नुसत्या बंदीने ती जागा रिकामी राहात नाही, असे आम्हांस वाटते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागिराकडून विद्या मिळवून गंजिफेची कला मरणाच्या दारातून परत आणली. मात्र ती पाने बहुधा शोभेची वस्तू म्हणून विकली जातात. खेळणारे हात थोडे. अग्रशाळेत एखाद्या संध्याकाळी दशावतारांची ही १२० पाने चादरीवर पसरली, आणि वडीलधाऱ्यांनी मुलांना खेळ शिकविला, तर चढाओढही होईल, थट्टाही होईल, आणि उठताना कोणाच्या घरचे काही गेलेले नसेल.