लॅपटॉपवर ग्राफिक्स ड्रायव्हर बसत नसेल तर

विंडोज आणि पडद्यावर चित्र उमटवणारी चिप यांचा संवाद ज्या सॉफ्टवेअरमुळे होतो, त्याला ग्राफिक्स ड्रायव्हर म्हणतात. त्याची नवी आवृत्ती बसवताना कधी ‘हा ड्रायव्हर या संगणकाशी सुसंगत नाही’ असा संदेश येतो, कधी काम अर्ध्यावर थांबते, तर कधी पडदा काळा पडतो. अशा वेळी लॅपटॉप बिघडला असे लगेच समजू नये. बहुतेकदा निवडलेली फाइल त्या लॅपटॉपसाठी नसते, किंवा जुन्या ड्रायव्हरचे अवशेष आड येतात. खालील माहिती विंडोज १० आणि ११ साठी आहे. पायऱ्या सोप्यापासून अवघडाकडे दिल्या आहेत. त्याच क्रमाने जावे.

सुरुवात करण्यापूर्वी

लॅपटॉपमध्ये घरातल्या जुन्या फोटोंचे स्कॅन, कागदपत्रे किंवा समारंभांच्या चित्रफिती असतील तर आधी त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. ड्रायव्हर बदलल्याने फाइली सहसा जात नाहीत. धोका वेगळाच असतो. अनेक नव्या लॅपटॉपमधील डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते आणि सेफ मोडमध्ये जाताना किंवा बायोस बदलल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती नसेल तर डिस्कवरचे काहीही उघडता येत नाही. ही की बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती शोधून कागदावर लिहून ठेवा. लॅपटॉप मुलाने किंवा नातीने सुरू करून दिला असेल, तर खाते त्यांच्या नावाचे असू शकते. हे आधीच विचारून घ्यावे.

यानंतर एक रिस्टोअर पॉइंट तयार करा आणि चार्जर जोडून ठेवा.

चिप कोणती आहे?

स्टार्टच्या चिन्हावर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि ‘डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स’ पाहा. तिथे दोन नावे दिसली तर गोंधळू नये. पुष्कळ लॅपटॉपमध्ये प्रोसेसरमधलीच एक चिप रोजच्या कामासाठी आणि दुसरी स्वतंत्र चिप खेळ किंवा चित्रफीत संपादनासाठी असते. दोघींचे ड्रायव्हर वेगळे असतात.

नावाऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर’ एवढेच दिसले, तर योग्य ड्रायव्हर बसलेलाच नाही. त्यावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज, डिटेल्स आणि मग हार्डवेअर आयडीज निवडा. ‘व्हीइएन’ या अक्षरांपुढे ८०८६ असेल तर चिप इंटेलची, १०डीई असेल तर एनव्हिडियाची, १००२ असेल तर एएमडीची.

तिथल्याच ‘जनरल’ पानावर एखादा कोड असल्यास टिपून घ्या. २२ म्हणजे उपकरण बंद करून ठेवलेले आहे, ते ‘एनेबल’ करावे लागते. २८ म्हणजे ड्रायव्हर नाही. ४३ म्हणजे उपकरणाने अडचण कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवले आहे. हा कोड ड्रायव्हर पुन्हा बसवूनही राहिला, तर दोष यंत्रात असू शकतो.

योग्य फाइल कुठून घ्यावी?

पहिली पसंती लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळाला द्यावी. लॅपटॉपच्या खालच्या बाजूचा मॉडेल किंवा सिरियल क्रमांक टाकला की त्याच यंत्रासाठी तपासलेला ड्रायव्हर मिळतो. तो चिपच्या कंपनीच्या ड्रायव्हरपेक्षा जुना असतो, पण पडद्याचा उजेड, झोपेतून जागे होणे, बॅटरीची बचत अशा गोष्टी त्याच्याशी जुळवलेल्या असतात.

चिपच्या कंपनीकडून फाइल घ्यायची असल्यास नेहमीच्या तीन चुका टाळाव्यात. एनव्हिडियाच्या यादीत डेस्कटॉपऐवजी ‘नोटबुक्स’ असलेली मालिका निवडावी. विंडोजची आवृत्ती बरोबर असावी. आणि चिपची पिढी पाहावी. उदाहरणार्थ, इंटेलने २०२२ मध्ये सहाव्या ते दहाव्या पिढीच्या प्रोसेसरमधील ग्राफिक्स वेगळ्या, जुन्या शाखेत हलवले. अशा लॅपटॉपवर अगदी नवी फाइल बसत नाही, तर त्या शाखेची लागते.

‘सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ अशी जाहिरात करणारी सॉफ्टवेअर घेऊ नयेत. ड्रायव्हर या सर्व कंपन्या मोफत देतात.

सोपे उपाय

१. लॅपटॉप ‘रीस्टार्ट’ करा. नुसता ‘शट डाउन’ पुरत नाही, कारण फास्ट स्टार्टअपमुळे विंडोजची जुनी अवस्था जपली जाते.
२. विंडोज अपडेट चालू असेल तर ते पूर्ण होऊ द्या. तो स्वतःच ड्रायव्हर बसवत असेल, तर दोन्ही कामे एकमेकांत अडकतात.
३. विंडोज अपडेटच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधील ‘ऑप्शनल अपडेट्स’मध्ये ग्राफिक्स ड्रायव्हर आहे का पाहा.
४. सी ड्राइव्हवर काही जीबी जागा मोकळी करा.
५. फाइलवर उजवी क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडा. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरसाठी ‘कस्टम’ आणि मग ‘क्लीन इन्स्टॉलेशन’ घ्या.

जुने काढून नवे बसवणे

एवढ्याने भागले नाही, तर नवी फाइल आधी उतरवून ठेवा आणि वाय-फाय बंद करा. नाहीतर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर बसवते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये चिपच्या नावावर उजवी क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ निवडा आणि ड्रायव्हर काढण्याच्या चौकटीतही खूण करा. पडदा मोठ्या, ओबडधोबड अक्षरांचा दिसू लागेल. ते अपेक्षित आहे. रीस्टार्ट करून नवा ड्रायव्हर बसवा.

तरीही अवशेष राहिल्यास ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ हे मोफत साधन सेफ मोडमध्ये वापरतात. तिथे रिकव्हरी की लागू शकते, म्हणून ती हाताशी नसेल तर ही पायरी करू नये.

पडदा काळा झाला तर

आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबा. त्यामुळे ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि उघडी कामे तशीच राहतात. चित्र परतले पण त्रास चालू राहिला, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ने मागच्या आवृत्तीवर जा. ती कळ फिकी असेल तर रिस्टोअर पॉइंट वापरा.

केव्हा थांबावे?

पत्रव्यवहार, बँकेची कामे, व्हिडिओ कॉल आणि नाटकाची चित्रफीत व्यवस्थित चालत असेल, तर केवळ नवी आवृत्ती आली म्हणून ग्राफिक्स ड्रायव्हर बदलण्याची निकड नसते. सुरक्षेची दुरुस्ती, नव्या सॉफ्टवेअरची गरज किंवा प्रत्यक्ष बिघाड ही बदलण्याची खरी कारणे. विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. त्यामुळे त्यावर नवे ड्रायव्हर मिळणे हळूहळू कमी होईल, हेही लक्षात घ्यावे.

परगावच्या मुलांना किंवा दुकानदाराला फोन करण्याआधी चार गोष्टी लिहून ठेवा: लॅपटॉपचे मॉडेल, चिपचे नाव, विंडोजची आवृत्ती आणि आलेल्या संदेशाचे नेमके शब्द. संदेशाचा मोबाइलवर फोटो काढला तर उत्तमच. एवढी माहिती असेल तर पुष्कळदा दुरुस्ती फोनवरच होते. दुकानात लॅपटॉप द्यावाच लागला, तर विंडोज नव्याने टाकण्यास होकार देण्यापूर्वी आपल्या फाइलींची प्रत घेतली आहे याची खात्री करा.