जॉबरची मर्जी आणि नोंदवहीतील क्रमांक

दादर, नायगाव, परळ या गिरणगावात काम मिळण्याचा मार्ग एके काळी गिरणीच्या फाटकाशी उभ्या असलेल्या जॉबरच्या मर्जीतून जात असे. तो आपल्या गावची, आपल्या नात्यागोत्याची माणसे आत घेई आणि वर दस्तुरी उकळी. स्त्रियांच्या खात्यांत हीच सत्ता नाईकिणीकडे असे. आपल्या समाजाला तर दस्तुरी देऊनही साचेखात्याचे दार उघडत नव्हते. धोट्यातील कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्याचा स्पर्श तेथे नको होता. अधिक मजुरीचे ते खाते अशा रीतीने बंद राहिले. 1928 च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला, तो यामुळेच.

बेकारांसाठी मोफत सरकारी रोजगार कार्यालये असावीत, हा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1919 चा करार भारताने 1921 साली मान्य केला होता. परंतु तो कागदावरच राहिला आणि 1938 साली भारत त्यातून बाहेर पडला. 1931 साली व्हिटले आयोगाने जॉबरच्या भरतीसत्तेवर कठोर टीका केली. मात्र फाटकाशी मजूर मिळत असताना सरकारी कार्यालये कशाला, असेच त्याचे म्हणणे होते. मजूर मिळतो हे खरे. पण कोणता मजूर आत जातो आणि कोणता बाहेर राहतो, हा प्रश्न आयोगाला पडला नाही, याचे आम्हाला आश्चर्य वाटत नाही. 1935 साली मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांना कार्डे देऊन रोजच्या भरतीला थोडी शिस्त लावली, एवढेच.

1942 साली दादरच्या राजगृहाचे धनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. युद्धकाळात कुशल कामगारांसाठी काही रोजगार कार्यालये निघाली. पुढे जुलै 1945 मध्ये, युद्ध संपत आले असता, याच मजूर खात्याने पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय उभे केले. सैन्यातून मुक्त होणारे जवान आणि युद्धकार्यातील कामगार यांना पुन्हा कामावर लावणे हा त्याचा हेतू होता. 1941 साली उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटचे जवानही त्याचे हक्कदार होते. 1948 साली ही कार्यालये सर्व बेकारांना खुली झाली. 1950 साली मुंबईच्या गिरण्यांतील बदली कामगारांच्या भरतीची योजनाही सरकारी रोजगार यंत्रणेमार्फत सुरू झाली.

या कार्यालयाची रीत साधी होती. उमेदवार नाव, शिक्षण, अनुभव नोंदवी. त्याला क्रमांकाचे कार्ड मिळे. मालकाने जागा कळविली की पात्रता व नोंदणीची ज्येष्ठता पाहून नावे पाठविली जात. ज्याला कोणी जॉबर ओळखत नव्हता, त्याचेही नाव नोंदवहीत तारखेनिशी उभे राहिले. ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु तिच्या मर्यादाही पाहिल्या पाहिजेत. 1959 चा कायदा 1 मे 1960 पासून, म्हणजे महाराष्ट्र राज्य जन्मले त्याच दिवशी, लागू झाला. 25 वा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांनी रिकाम्या जागा कळवाव्यात, असे त्याने बंधन घातले. आलेल्या यादीतूनच माणूस घ्यावा, असे मात्र कोठेही म्हटले नाही. शिवाय कार्यालय फक्त नावे पाठवी, जागा निर्माण करीत नसे. 1982 च्या संपानंतर गिरण्याच बंद पडू लागल्या, तेव्हा नोंदवहीने काय करावे?

आपल्या बांधवांच्या बाबतीत आणखी एक गाठ होती. केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींना 1943 साली 8.33 टक्के जागा मिळाल्या, त्या बाबासाहेबांच्या प्रयत्नाने. 1946 साली त्या 12.5 टक्के झाल्या. 1956 साली धम्मदीक्षा घेणाऱ्याला मात्र केंद्राने या यादीबाहेर ठेवले. महाराष्ट्राने यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत राज्यापुरत्या सवलती दिल्या. त्यामुळे एकाच कार्डावरचा तरुण राज्याच्या जागेसाठी राखीव, तर रेल्वेच्या वा टपालाच्या जागेसाठी खुला उमेदवार ठरे. ही विसंगती 1990 च्या दुरुस्तीने दूर झाली. तोवर 34 वर्षे लोटली होती आणि दीक्षाभूमीवर वडिलांच्या खांद्यावर बसलेल्या कितीतरी मुलांची नोकरीची वयोमर्यादा उलटून गेली होती.