रीसेट म्हणजे नक्की काय? एक शब्द, चार अर्थ
आईच्या फोनवर वाय-फाय लागत नव्हतं. मी घाईत ‘रीसेट’ केलं आणि तिचे सगळे फोटो गेले! चूक माझीच, कारण अँड्रॉइडमध्ये रीसेटचे अर्थ वेगवेगळे आहेत:

• पासवर्ड रीसेट: जुना पासवर्ड जाऊन नवा ठेवता येतो.
• नेटवर्क रीसेट: सेव्ह केलेले वाय-फाय आणि जोडलेली ब्लूटूथ उपकरणं निघून जातात. फोटो राहतात. मला हेच हवं होतं.
• ॲप प्रेफरन्सेस रीसेट: डिफॉल्ट ॲप्स, बंद केलेली नोटिफिकेशन्स पूर्ववत होतात. डेटा राहतो.
• फॅक्टरी रीसेट: फोनमधलं सगळं पुसलं जातं. मी दाबलं ते हे.

त्यामुळे मित्रांनो, ‘इरेज ऑल डेटा’ दिसलं की थांबा. आधी बॅकअप घ्या, मगच पुढे जा.