सिटी हॉल लूप
सिटी हॉल लूप हा अमेरिकेतील न्यू यॉर्क शहराच्या भुयारी रेल्वेवरील वळसा घेणारा एकेरी लोहमार्ग आहे. मॅनहॅटनमधील ब्रुकलिन ब्रिज–सिटी हॉल स्थानकावर प्रवास संपवणाऱ्या ६ क्रमांकाच्या गाड्या या मार्गाने वळून पुन्हा उत्तरेकडे जातात.

इतिहास
लूपवरील सिटी हॉल स्थानक २७ ऑक्टोबर १९०४ रोजी शहराच्या पहिल्या भुयारी मार्गासह सुरू झाले. त्याची रचना हेन्स अँड लाफार्ज या वास्तुविशारदांनी केली. फलाट वक्राकार असल्याने नव्या गाड्यांच्या मधल्या दारांपाशी धोकादायक फट राहत असे. प्रवासीही कमी होते. त्यामुळे ३१ डिसेंबर १९४५ रोजी स्थानक बंद झाले. लूप मात्र वापरात राहिला.

उपयुक्तता
रूळ संपणाऱ्या अखेरच्या स्थानकात गाडी उलट दिशेने नेण्यासाठी चालकाला दुसऱ्या टोकाच्या कक्षात जावे लागते. शिवाय गाडी रूळ बदलत असताना दुसऱ्या गाडीला थांबावे लागते. म्हणूनच गर्दीच्या वेळी मार्गावर किती गाड्या सोडता येतील, हे पुष्कळदा अखेरच्या स्थानकावर ठरते. लूपमुळे हा खोळंबा टळतो. मात्र तीव्र वळणावर वेग कमी ठेवावा लागतो.

उत्तरेकडील टोक
ब्रॉन्क्समध्ये गर्दीच्या दिशेने जलद गाड्या धावत असताना धिम्या गाड्या पार्कचेस्टर येथूनच परततात. जलद गाड्या पेल्हॅम बे पार्कपर्यंत जातात आणि पार्कचेस्टरपुढील सर्व स्थानकांवर थांबतात. त्यामुळे अखेरच्या स्थानकावर सर्व गाड्यांची दाटी होत नाही.