परसांतील कोठ्यापर्यंतची वीज

घरांत वीज आली म्हणजे ती घरभर आली, असा एक समज आहे. भंडारा जिल्ह्यांतील खेड्यांत मात्र ओसरीवर दिवा लागला तरी परसांतील कोठा बरींच वर्षें अंधारांत राही. वस्तुतः उजेडाची गरज तेथेंच अधिक. गाय विण्याची वेळ आणि साप निघण्याची वेळ, दोन्ही बहुधा रात्रींच्याच; आणि तणसाच्या ढिगाशेजारीं रॉकेलचा कंदील ठेवणें म्हणजे आगीला आमंत्रण.

कोठ्यांत विजेचा पहिला उजेड गेला तो तारेवांचून. हातबत्तींतून, जिला खेड्यांत नुसतें 'बॅटरी' म्हणतात. फ्रान्समधील लेक्लांशे यानें १८६६ सालीं जस्त, नवसागर आणि मँगनीज डायऑक्साइड यांचा विद्युत्घट सिद्ध केला; १८८६ सालीं जर्मनींत गास्नरनें तो कोरडा केला. घटांतील कोळशाच्या कांडीवर हायड्रोजन सांचून प्रवाह मंदावतो. मँगनीज डायऑक्साइड तो सांचूं देत नाहीं. आतां हें द्रव्य येतें कोठून? तुमसर तालुक्यांतील चिखला ही मँगनीजची जुनी खाण. तिचा दगड मुख्यतः पोलादाच्या कामीं जातो. परंतु त्याच तालुक्यांतील डोंगरी बुजुर्ग येथें बॅटरीला लागणारें मँगनीज डायऑक्साइड जमिनींत सांपडतें. पुढें तेथें विजेच्या साह्यानें तें शुद्ध स्वरूपांत करण्याचा कारखानाहि निघाला. म्हणजे तारेंतली वीज खर्चून डब्यांतल्या विजेचें साहित्य!

तारेची वीज मागाहून आली. १९५६ सालीं हा जिल्हा मध्य प्रदेशांतून मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. त्याच सालीं राज्याचें वीज मंडळ स्थापन झालें; नागपूरजवळ कोराडीचें केंद्र १९७४ सालीं सुरू झालें. खांब, रोहित्र, मीटर येथपर्यंतची जबाबदारी वीज पुरवणाऱ्याची. मीटरच्या पुढची तार घरधन्याची. मैलोगणती वीज बिनधोक आणावी आणि शेवटच्या पन्नास पावलांत माणूस दगावावा, असा प्रकार घडण्याची जागा नेमकी हीच.

कारण तीं पावलें अंगणांतून जातात. हाताशीं असेल ती बारीक तार, जागोजागीं सांधे, वर कापडी पट्टी. आणि कपडे वाळत घालण्याची लोखंडी तार तिच्याच जोडीला. पावसाळ्यांत पट्टी भिजली, तार घासली, कीं ओलें धोतर वाळत घालणाराच विजेच्या वाटेंत सांपडतो. हातबत्तीच्या दोन घटांचे तीन व्होल्ट आणि घरांतले २३० व्होल्ट यांतील भेद डोळ्यांना दिसत नाहीं. उजेड दोहोंचा सारखाच भासतो. जनावराची गत तर आणखी वाईट. त्याच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर मोठें. ओल्या जमिनींत वीज उतरली असतां त्या दोन जागांमधील दाब त्याच्या शरीरांतून जातो. माणूस जेथें झिणझिण्यांवर सुटतो तेथें बैल कोसळतो.

उपाय अवघड नाहीं, खर्चाचा आहे: पोलादी कवचाची केबल खोल पुरावी, कोठ्याला स्वतंत्र बटण असावें, आणि गळती ३० मिलिॲंपियरपर्यंत जातांच प्रवाह तोडणारें यंत्र मीटरजवळ बसवावें. अर्थिंगचा खड्डाहि हवा. आणि वैशाखांत त्यांत मधून मधून घडाभर पाणी ओतावें लागतें, कारण कोरड्या मातींत अर्थिंग असून नसल्यासारखें होतें.