चुकलेले निदान आणि कायदा

छातीतली कळ पित्ताची समजून घरी पाठवलेला रुग्ण हृदयविकाराने दगावला, तर दाद कुठे मागायची? जुने निवाडे चाळताना मला १९५३ सालचे एक प्रकरण भेटले. रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतला मांडीचे हाड मोडलेला तरुण पुण्यात उपचार चालू असताना वारला. सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची हयगय मान्य केली ती १९६८ साली. भरपाई ३,००० रुपये. १९९५च्या निकालाने पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली आले. आता दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जाता येते. तिथे नुसते निदान चुकल्याचे सांगून भागत नाही. ईसीजीसारखी वाजवी तपासणी टाळली, हे दाखवावे लागते. म्हणून माझ्या मते पहिले पाऊल कागदपत्रांचे. २००२च्या नियमांप्रमाणे ती मागितल्यावर ७२ तासांत द्यावी लागतात.